मोटरहोमने युरोप फिरायचाय? सीमेवर नाका नसला तरी पासपोर्टचं गणित चुकवू नका

चिंचोळी एमआयडीसीतून माल भरून निघालेला ट्रक सोलापूर ओलांडतो, विजयपूरच्या रस्त्याला लागतो आणि टाकळीजवळ भीमा पार करून धुळखेडला कर्नाटकात शिरतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या. पण माल ५० हजार रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल सोबत लागतंच. त्या बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मोजली जाते. वाटेत कोणी हात दाखवला नाही म्हणून ही मुदत थांबत नाही. ज्या दिवशी हात दाखवला जातो, त्या दिवशी बिल संपलेलं निघालं की गाडी बाजूला.

युरोपात मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्या भारतीयाचा शेंगेन व्हिसा साधारण असाच चालतो. फ्रान्समधून बेल्जियम, तिथून नेदरलँड्स, मग जर्मनी. रस्त्याच्या कडेला निळी पाटी दिसते, तेवढीच सीमा. आपण सीमा ओलांडली हे अनेकदा मोबाइलवर आलेल्या ‘वेलकम’च्या मेसेजमुळे कळतं. दिवस मात्र मोजले जात असतात, आणि एखादं वळण चुकलं तर परतीचा दरवाजाच बंद होऊ शकतो.

चिंचोळीचा याच्याशी काय संबंध?

सोलापूरचे टेरी टॉवेल उत्पादक फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या जागतिक प्रदर्शनात माल मांडतात. चिंचोळीत कारखाना असलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीने २०१८ मध्ये जर्मनीतील एमएफटी आणि नेदरलँड्समधील एमॉस या दोन कंपन्यांत हिस्सा घेतला होता. यातल्या एमएफटीचं गाव कुनेवाल्डं हे जर्मनीच्या पूर्व टोकाला, चेक आणि पोलंड या दोन्ही सीमांच्या जवळ आहे. एमॉसचं ऊस्टरहाउट बेल्जियमच्या सीमेपासून फार लांब नाही. जवळच बार्ले नावाचं गाव आहे, तिथे नेदरलँड्स-बेल्जियमची सीमा चक्क काही घरांमधून जाते.

थोडक्यात, इथून कामासाठी जाणाऱ्या माणसाला एका सुट्टीच्या दिवसात तीन देश गाठणं अवघड नाही. कामाचे चार दिवस संपले की कुटुंबाला बोलावून घ्यायचं, मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि आठ-दहा दिवस भटकायचं, हा बेत कोणालाही सुचेल. अडचण अशी की, मोटरहोम प्रवासाबद्दल मिळणारा बहुतेक सल्ला ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट गृहीत धरून लिहिलेला असतो. ब्रिटिश माणसाला छोट्या सहलीसाठी व्हिसाच लागत नाही, तो दिवसातून दोनदा आत-बाहेर करू शकतो. भारतीय पासपोर्टवर तोच रस्ता धरला तर महागात पडू शकतं.

आधी स्टिकर नीट वाचा

शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला. प्रत्यक्ष नाके उठले ते मार्च १९९५ मध्ये. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून मार्ग आखू नये.

पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसा स्टिकरवर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, वैधतेच्या दोन तारखा: कधीपासून, कधीपर्यंत. दुसरी, ‘ड्युरेशन ऑफ स्टे’, म्हणजे प्रत्यक्ष राहण्याचे दिवस. तिसरी, ‘नंबर ऑफ एंट्रीज’: ०१, ०२ किंवा ‘मल्ट’.

सर्वाधिक घोळ पहिल्या दोन ओळींत होतो. समजा वैधता ८ जानेवारी ते ६ फेब्रुवारी आहे आणि दिवस १५ लिहिले आहेत. अनेकांना वाटतं ६ फेब्रुवारीपर्यंत राहता येईल. तसं नाही. १० जानेवारीला फ्रँकफर्टला उतरलात तर २४ जानेवारी हा शेवटचा दिवस, कारण उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. विमान मध्यरात्रीच्या पाच मिनिटं आधी उतरलं तरी तो एक पूर्ण दिवस गेला. मोटरहोमवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण गाडी वाटेत बंद पडणं, घाटात बर्फ पडून रस्ता बंद होणं हे होतंच. वरचे दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच परतीचं तिकीट काढलेलं बरं.

पाय नकळत बाहेर पडतो तो असा

‘०१’ एंट्रीचा अर्थ एकदा आत. आत असेपर्यंत २९ देशांत कितीही फिरा. मात्र एकदा शेंगेनबाहेर पाऊल पडलं की व्हिसा वापरून झाला, मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत. विमानाने जाणाऱ्याला बाहेर पडल्याचं कळतं. गाडीवाल्याच्या बाबतीत ते पेट्रोल भरण्याच्या निमित्तानेही घडू शकतं.

अँडोरा घ्या. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये, पिरेनीज डोंगरातला हा चिमुकला देश. विमानतळ नाही, जायचं ते रस्त्यानेच. इंधन आणि इतर वस्तू स्वस्त म्हणून मोटरहोमवाले इथे आवर्जून वळतात. पण अँडोरा शेंगेनमध्ये नाही. तिथून बाहेर पडायचं तर पुन्हा फ्रान्समध्ये किंवा स्पेनमध्येच शिरावं लागतं, म्हणजे दुसरी एंट्री. तिथल्या नाक्यावर दरवेळी पासपोर्ट मागतीलच असं नाही. ‘नाही मागणार’ या भरवशावर कुटुंबासह डोंगरात शिरणं हा मात्र जुगार आहे. उलट मोनॅको, सान मारिनो, व्हॅटिकन हेही औपचारिकपणे शेंगेनचे सदस्य नाहीत, पण त्यांच्या सीमा खुल्या आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. लिश्टेनस्टाइन तर सदस्यच आहे.

दुसरं उदाहरण क्रोएशियाचं. स्प्लिटहून दुब्रोवनिकला जाणारा जुना किनारी रस्ता मध्येच काही किलोमीटर बोस्नियाच्या हद्दीतून, नेऊम या गावातून जातो. देश तोच, किनारा तोच, पण वाटेत शेंगेनमधून बाहेर आणि पुन्हा आत. २६ जुलै २०२२ रोजी सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा पेल्येशॅट्स पूल खुला झाला आणि क्रोएशियाचे दोन तुकडे एकमेकांना जोडले गेले. एका एंट्रीच्या व्हिसावर दुब्रोवनिकला रस्त्याने जायचं तर या पुलावरून जायचं. नॅव्हिगेशनला तुमचा व्हिसा ठाऊक नसतो. त्याने नेऊमचा रस्ता सुचवला तर मुकाट्याने दुर्लक्ष करावं.

ब्रिटनचा प्रकार आणखी वेगळा. तिथला व्हिसा स्वतंत्र हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. लंडन बघून परत फ्रान्सला यायचं तर शेंगेनची दुसरी एंट्री लागते, हे विसरलं जातं. यात एक मेख आहे. ही तपासणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर होत नाही. दोन देशांमधल्या व्यवस्थेनुसार फ्रेंच अधिकारी इंग्लंडमध्येच, डोव्हर बंदरात आणि फोकस्टनच्या रेल्वे टर्मिनलवर, गाडी समुद्र ओलांडण्याआधी पासपोर्ट बघतात. तिथे अडलात तर जर्मनीत भाड्याने घेतलेली मोटरहोम इंग्लंडमध्ये आणि तुम्हीही इंग्लंडमध्ये.

सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया या बाल्कन देशांमध्ये वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना काही अटींवर वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. अटी प्रत्येक देशाच्या वेगळ्या, त्या निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासाव्यात. आत घेतील की नाही यापेक्षा मोठा प्रश्न परत यायचा आहे. स्टिकरवर ‘मल्ट’ नसेल तर या देशांचा विचार सोडून द्यावा.

९० दिवसांचा नियम कोणाला लागतो?

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा नियम प्रसिद्ध आहे. सोलापूरहून दहा-पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याला तो सहसा नडत नाही, त्याला स्टिकरवरचा आकडाच आधी अडवतो. नियम नडतो तो वारंवार जाणाऱ्या निर्यातदारांना आणि इंजिनिअरना. एप्रिल २०२४ पासून युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी सवलत दिली आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. लांब मुदतीचा व्हिसा हातात आला की दिवस मोजण्याची सवय सुटते, आणि मग हा नियम गाठतो.

१८० दिवसांची ही खिडकी जानेवारी ते जून अशी ठरलेली नसते. ती रोज एक दिवस पुढे सरकते. आज तुम्ही युरोपात असाल तर आजपासून मागे १८० दिवस मोजायचे. समजा १० ते २४ जानेवारी प्रदर्शनासाठी गेलात, १५ दिवस झाले. पुढे १ एप्रिल ते ३० मे मशिनरीच्या कामासाठी, ६० दिवस. एकूण ७५. जूनमध्ये पुन्हा कुटुंबाबरोबर निघालात तर हातात फक्त १५. लीप वर्ष नसेल तर १० जानेवारीचा दिवस ८ जुलैपर्यंत मोजला जातो, ९ जुलैला तो खिडकीबाहेर पडतो, आणि मग जानेवारीतले दिवस एकेक करून परत मिळू लागतात. हे कागदावर करत बसण्यापेक्षा युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरचं कॅल्क्युलेटर वापरावं. कामाचे दिवस वेगळे आणि सहलीचे वेगळे असा भेद त्यात नाही.

शिक्का गेला, संगणक आला

पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के पुसट असायचे, पानं उलटून अधिकारी कंटाळायचा, एखादा दिवस निभावून जायचा. आता तसं नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ‘एंट्री-एक्झिट सिस्टिम’ टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर प्रवेश आणि निर्गमन यांची संगणकात नोंद होते, चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. व्हिसा लागणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे ते इथे नव्याने साठवले जात नाहीत. जास्त राहिलेला माणूस यंत्रणेला आपोआप कळतो. नोंदी तीन वर्षं राहतात. बाहेर पडल्याची नोंदच सापडली नाही तर पाच वर्षं. दंड होऊ शकतो, पुढच्या प्रवेशावर बंदी येऊ शकते, आणि पुढचा व्हिसा मागताना तो प्रसंग समोर ठेवला जाणार हे वेगळं सांगायला नको.

चर्चेत असलेली ‘एटियास’ ही ऑनलाइन परवानगी मात्र व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना व्हिसा लागतो, त्यामुळे ‘एटियास काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

आतल्या सीमेवरही गाडी थांबते तेव्हा

सदस्य देशांना आपल्या आतल्या सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू करण्याचा अधिकार आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू केली आणि मुदत वाढवत नेली. पोलंडने ७ जुलै २०२५ पासून जर्मनीच्या आणि लिथुआनियाच्या सीमेवर तेच केलं. कुनेवाल्डंजवळच्या गोर्लिट्स परिसरात जर्मनीतून पोलंडमध्ये जाताना एकाची आणि परतताना दुसऱ्याची अशी दोन्ही बाजूंची तपासणी लागू शकते. इथे पासपोर्टवर शिक्का बसत नाही, एंट्री खर्ची पडत नाही. कागद मात्र दाखवावे लागतात.

साध्या कारपेक्षा मोटरहोमकडे पोलिसांचं लक्ष अधिक जातं. आत माणसं लपवून नेता येतात हे त्यामागचं साधं कारण. त्यामुळे दार उघडून मागचा भाग, बिछान्याखालची जागा, बाथरूम बघितलं जाऊ शकतं. गाडी चालत असताना सगळ्यांनी पट्टा लावून खुर्चीतच बसायचं असतं. मागे आजी झोपल्यात आणि पोरं पत्ते खेळतायत हे दृश्य अधिकाऱ्याला दिसलं तर पासपोर्ट बरोबर असूनही दंड होईल. पासपोर्ट सामानाच्या तळाशी, सूटकेसच्या आत ठेवू नयेत. ते एका छोट्या पिशवीत, गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याकडे असावेत. सोबत गाडीचा भाडेकरार, विम्याचा कागद आणि परतीचं तिकीट. मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दुसऱ्या पालकाचं लेखी संमतीपत्र.

आणखी एक गोष्ट, जी हॉटेलात उतरणाऱ्यांना कधीच जाणवत नाही. काही देशांमध्ये परदेशी पाहुण्याने आपण आल्याची नोंद करायची असते. हॉटेलचा रिसेप्शनिस्ट पासपोर्ट घेऊन ते परस्पर करून टाकतो. मोटरहोमला रिसेप्शन नाही. इटलीत दुसऱ्या शेंगेन देशातून आलेल्या बाहेरच्या नागरिकाने आठ दिवसांत पोलिसांकडे ‘हजर असल्याची’ नोंद करणं अपेक्षित आहे. अधिकृत कॅम्पसाइटवर राहिलात तर तिथली नोंद पुरते. रोज रात्री फुकटच्या पार्किंगमध्ये मुक्काम ठोकून पैसे वाचवणाऱ्यांनी अधूनमधून कॅम्पसाइटची पावती घ्यावी, ती जपून ठेवावी.

परवाना, वजन आणि डबा

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोलापूरच्या आरटीओत मिळतो. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो. आपल्याकडे हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंत चालतो, युरोपात साध्या कार-परवान्याची नेहमीची हद्द ३,५०० किलो आहे. सहा जणांची ऐसपैस मोटरहोम पाणी, गॅस, सायकली आणि सामान धरून ही हद्द सहज ओलांडते. वजन रिकाम्या गाडीचं न धरता भरलेल्या गाडीचं धरतात. भाडेकरारात कोणकोणत्या देशांत गाडी नेता येईल हेही लिहिलेलं असतं, विमा तेवढ्यापुरताच.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही. म्हणून तिथे पासपोर्टऐवजी फ्रिजमध्ये काय आहे हे विचारलं जाऊ शकतं. महामार्गावर चालायला ३,५०० किलोपर्यंतच्या गाडीला ४० फ्रँकचं वार्षिक विनेट लागतं.

भारतातून युरोपीय संघात उतरताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पनीर घरीच ठेवायचं. शेंगा चटणीला ही बंदी लागू होत नाही.

स्वतःची गाडी इथूनच नेली तर?

असं करणारे आहेत. २०१७ मध्ये मुंबईतील उद्योजक बद्री बलदवा यांनी पत्नी पुष्पा आणि नातीसह मुंबई ते लंडन प्रवास स्वतःच्या कारने केला. १९ देश, ७२ दिवस. बाहेरच्या देशांत गाडी तात्पुरती नेऊन पुन्हा परत आणण्यासाठी अनेक ठिकाणी ‘कार्ने’ हा वाहनाचा दस्तऐवज लागतो. त्याला गाडीचाच पासपोर्ट म्हणतात. माणसाच्या पासपोर्टवर मात्र प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा. दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी हा मार्ग विसरलेलाच बरा.

अर्ज कोणत्या देशाकडे?

ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. सोलापूरकरांना त्यासाठी पुणे किंवा मुंबईचं व्हिसा केंद्र गाठावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा. हॉटेलऐवजी कॅम्पसाइटची आरक्षणं आणि रात्रनिहाय मार्ग जोडावा. ‘वाटेल तिथे थांबू’ हे मोटरहोमचं सुख अर्जात लिहिता येत नाही. दोन एंट्री किंवा मल्टिपल हवी असेल तर ती अर्जातच मागायची आणि कारण द्यायचं. नंतर सीमेवर ती वाढवून मिळत नाही.

आणि पासपोर्टच चोरीला गेला तर? महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यांवर मोटरहोम फोडण्याचे प्रकार होतात. तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. जर्मनीत बर्लिन, फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्ग इथे ती कार्यालयं आहेत. तातडीत मिळणाऱ्या ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’वर फक्त भारतात परतता येतं, उरलेली सहल करता येत नाही. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो सीमेवर चालत नाही. दूतावासातलं काम मात्र त्यामुळे लवकर होतं, म्हणून पहिल्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो काढून तो घरच्यांकडेही ठेवावा.